सविताच्या नावाचे दाणे

हे घडलं ते साल दोन हजार सहा. नाशकातला सिंहस्थ होऊन तीन वर्षं झाली होती. सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या खोलीला लागून एक जुनी अडगळीची खोली होती, ती त्या साली झाडूनपुसून रंगवली गेली आणि तिथे टीव्ही बसला.

टीव्ही म्हणजे गाण्यांचा आणि बातम्यांचा नव्हे. दवाखान्याच्या छपरावर भली थोरली तबकडी उभी राहिली, खाली खोलीत पडदा आला, कॅमेरा आला, काळजाचा आलेख काढायचं यंत्र आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक या वेळात पडद्यावर नाशिकचे मोठे डॉक्टर दिसत. आजारी माणूस सुरगाण्यात खुर्चीवर बसायचा, डॉक्टर तिकडे नाशकात. छातीला लावायची एक नळी होती, तिच्यातून काळजाचे ठोके थेट नाशकापर्यंत ऐकू जायचे. घाट उतरून जायला नको, शहरात मुक्कामाला नातेवाईक शोधायला नको. सरकारने खरोखर चांगलं काम केलं होतं. पण पहिले तीन महिने त्या खुर्चीवर कोणी बसेना.

सुरगाण्यापासून सतरा-अठरा किलोमीटरवर मोहपाडा नावाचं गाव आहे. तिथल्या उपकेंद्रात छाया नर्स होती. मूळची मखमलाबादची, फुलमळेवाल्यांच्या घरची. लहानपणी पहाटे झेंडूच्या पाट्या भरून बापाबरोबर पंचवटीच्या बाजारात जायची. नर्सची परीक्षा दिली, नेमणूक या डोंगरात झाली, आणि दोन वर्षांत बदली करून घेईन म्हणणारी छाया एव्हाना बारा वर्षं तिथेच होती. लग्न केलं नाही. मोहपाड्याची माणसं तिला शिस्टरबाई म्हणायची. पाड्यातली पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिचा शब्द चालायचा.

पण टीव्हीच्या बाबतीत चालेना. बायकांचं म्हणणं, परक्या पुरुषासमोर पोलक्याचा हूक काढायचा तो काढायचा, आणि तो पुरुष तरी पुरता कुठे असतो? नुसता कमरेपासून वर. भागीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला छायाने कसंबसं नेऊन बसवलं, तर ती पडद्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "त्याला म्हनावं, आधी उभा राहा. पाय दाखव. उलटे हायेत का सुलटे ते मंग बघू." डॉक्टर बिचारे खरंच उठून उभे राहिले. पण कॅमेरा काही खाली वळेना, आणि भागीबाई पदर सावरून जी चालायला लागली ती थेट जीपमध्ये जाऊन बसली. पुढे महिनाभर पाड्यावर तीच गोष्ट. बिनपायाचा डॉक्टर.

छाया हसली, पण मनातून खट्टू झाली. काहीतरी युक्ती करायला हवी होती. आणि ती तिला सुचली काळूबाबाच्या अंगणात.

काळूबाबा मोहपाड्याचा भगत. सत्तरीला आलेला, कृश, डोळ्यांत कायम थोडं हसू. छायाचं आणि त्याचं वैर कधी नव्हतं. ताप असला की तो स्वतःच लोकांना तिच्याकडे पाठवायचा, ती साप चावलेला माणूस दवाखान्यात धाडून मग घरच्यांच्या समाधानासाठी त्याच्याकडे पाठवायची. त्याची रीत दाणे बघण्याची. घरात कोणी जास्त आजारी पडलं, की त्याच चुलीवर जेवणारी एखादी बाई मूठभर नागली, म्हणजे नाचणी, त्याच्या अंगावरून सात वेळा उतरवायची, पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि भगताकडे निघायची. उपाशीपोटी निघायचं. वाटेत कोणाशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आजारी माणूस घरीच. त्याला शिवेबाहेर काढलं तर दुखणं वाटेत सांडतं आणि दुसऱ्याच्या पायाला लागतं, असं ही माणसं मानायची. भगतासमोर बसलं, की दाणे नेणारी बाई स्वतः उरायचीच नाही. भगत नाव विचारायचा, ती आजाऱ्याचं नाव सांगायची. काय होतंय विचारलं की म्हणायची, माझी कंबर धरली, माझ्या पोटात कळा येतात. 'तिच्या' किंवा 'त्याच्या' असा शब्द तोंडातून गेला तर दाणे मुके होतात, मग भगताला काही दिसत नाही. आसपासच्या पाच-सात पाड्यांवरून असे दाणे काळूबाबाकडे येत.

त्या दिवशी अंगणात पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. छाया उभी राहून म्हणाली, "तुम्ही बाबाकडे दाणे पाठवता का नाही? माणूस घरी आणि बाबा इथे, तरी बाबाला दिसतं ना? मग तो टीव्ही तरी वेगळा काय आहे? माणूस इथे, डॉक्टर तिकडे. दाणे तारेतून जातात, एवढंच."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काळूबाबा मोठ्याने हसला. म्हणाला, "म्हंजे माझा जोडीदार आला म्हना सुरगान्यात. जा गं बायांनो, तो माझ्यापेक्षा शिकलेला हाय."

आणि बघता बघता चित्र पालटलं. दर मंगळवारी छाया जीपमध्ये चौघा-पाचजणांना घालून घेऊन जायला लागली. भागीबाईसुद्धा गेली, पाय न बघता. त्या पावसाळ्यात तालुक्यात सगळ्यांत जास्त नावं मोहपाड्याची लागली. तालुक्याच्या बैठकीत छायाचं कौतुक झालं, तिने काय सांगून लोकांना पटवलं ते इतर नर्सना सांगायला लावलं, आणि तिनेही ते दाण्यांचं मोठ्या खुशीत सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं तिला त्या टाळ्या आठवायच्या आणि अंगावर काटा यायचा.

मोहपाड्यात गावितांचं एक घर होतं. दोघे भाऊ, दोघी जावा. थोरली कुसाबाई तिशीची, अंगाने भरलेली, कामाला वाघीण. धाकटी सविता, दिनेशची बायको, चोविसाची असेल, काडीसारखी. त्या दोघी जावा आहेत हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. एका ताटात जेवायच्या. सविताला मूल नव्हतं, पण कुसाबाईची धाकटी पोर तिलाच आई म्हणायची आणि कुसाबाईला नुसतं कुसा. कुसाबाई म्हणायची, "नऊ महिने वझं मी वाहिलं आनि आई ही झाली. लय शहाणी हाय माझी जाव."

सविताला धाप लागायची. विहिरीवरून हंडा आणताना दोनदा बसायची, आडवं झोपलं की गुदमरायची म्हणून कुडाला टेकून बसून झोपायची. लहानपणी तिचे सांधे सुजून ताप यायचा, हे छायाने तिच्या तोंडून काढून घेतलं होतं. भाद्रपदात पायांवर सूज आली तेव्हा कुसाबाई काळूबाबाकडे गेली. त्याने दाणे खालीवर केले, परत तिच्या पदरात टाकले आणि म्हणाला, हे माझ्याकडचं नाय, शिस्टरबाईकडं जा. छायाने सविताचं वजन केलं, सदतीस किलो. तिला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं, यात शंका नव्हती. येत्या मंगळवारी नाशिकचे हृदयाचेच डॉक्टर पडद्यावर येणार होते. पण नेमकं त्याच आठवड्यात छायाला नाशकाहून निरोप आला, आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून. तिने घाईघाईने चिठ्ठी लिहिली. सविता दिनेश गावित, वय चोवीस, धाप, पायांवर सूज, हृदय तपासावे. चिठ्ठी कुसाबाईच्या हातात देऊन म्हणाली, मंगळवार चुकवू नका, डॉक्टरांना सगळं नीट सांगा. सविताला बरोबर न्या, हे वेगळं सांगायला हवं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आजवर प्रत्येक माणसाला तिने स्वतः जीपमध्ये बसवून नेलं होतं. ती बरोबर नसताना कोणी जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा कुसाबाईने वाटेतच गाठून सांगितलं, "काळीज चांगलं हाय म्हनाला डाक्टर. झ्याक चालतंय म्हनाला. रगत थोडं कमी हाय, त्याच्या गोळ्या दिल्या." बोलताना तिचा चेहरा नुसता फुलला होता.

छायाला हायसं वाटलं, आणि तरी कुठेतरी टोचत राहिलं. तिने सविताला बोलावून स्वतःची नळी तिच्या छातीला लावली. जात्यात दाणे नसताना ते फिरवलं की जशी घरघर येते, तसं काहीतरी ठोक्यांच्या मधून ऐकू येत होतं. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. घरघर होतीच. पण नाशिकचे हृदयाचे डॉक्टर, त्यांची ती यंत्रं, आणि आपण कोण? बाळंतपणं करणारी नर्स. आपल्या कानाला काय कळतंय, असं म्हणून तिने नळी गुंडाळून ठेवली. डॉक्टरांचा कागद मागायचंही तिला सुचलं नाही. लांबून आलेल्या शब्दावर मोहपाड्याच्या माणसांनी जसा विश्वास ठेवला, तसाच तिनेही ठेवला. सविता हसून म्हणाली, "शिस्टरबाई, आता मी बरीच होनार. टीव्हीनं सांगितलंय."

दिवाळीनंतर दरसालप्रमाणे माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे निघाली. एरवी छायाने सविताला जाऊ दिलं नसतं. या वेळी अडवायला तिच्याकडे कारण नव्हतं. काळीज चांगलं होतं ना. दिनेश, सविता, थोरला भाऊ अशी तिघं गेली, कुसाबाई पोरांना घेऊन घरी राहिली. जीप सुटताना सविताने कुसाबाईच्या पोरीला एवढंच सांगितलं, की येताना तुला बांगड्या आणते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी बागेत पाण्याची कळशी उचलताना ती खाली बसली. तोंडाला गुलाबी फेस आला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी तिला टेम्पोत घालून आणलं. तिच्या पिशवीत कागदात गुंडाळलेल्या लहान मापाच्या बांगड्या निघाल्या, हिरव्या.

पाचव्या दिवशी छाया गावितांच्या घरी गेली. दिनेश ओट्यावर बसून होता, तिला बघून त्याने तोंड फिरवलं. आत कुसाबाई चुलीपाशी. रडून रडून तिचा आवाज बसला होता. छाया जवळ बसली तशी ती उठली, सविताच्या उशाशी वरच्या वाशाला खोचलेली एक पुरचुंडी तिने काढली आणि छायाच्या पुढ्यात सोडली. नागलीचे दाणे होते, आणि दाण्यांत घडी करून ठेवलेला सुरगाण्याचा कागद. भगताने बघितलेले दाणे आजाऱ्याच्या उशाशी ठेवतात, तसे तिने ते ठेवले होते. आता नदीत सोडायचे होते.

"माझं काय चुकलं ते तरी सांगा," ती म्हणाली. "मी कायबी कमी केलं नाय."

आणि मग ती सगळं सांगत गेली. सविताला वर सडकेपर्यंत चढवेना म्हणून नव्हे, तिला न्यायचं मुळात कोणाच्या मनातच नव्हतं. एवढं मोठं दुखणं, त्याला शिवेबाहेर कसं काढायचं? आणि शिस्टरबाईंनीच तर सांगितलं होतं की हेही दाण्यांसारखंच. त्या मंगळवारी पहाटे तिने सविताचा चेहरा धुतला, सात वेळा नागली उतरवली, गाठ मारली. पाण्याचा घोट घेतला नाही. पावसात तासभर चालून सडक गाठली, जीपमध्ये कोणी हाक मारली तरी बोलली नाही, मागे बघितलं नाही. खोलीत समाधान म्हणून यंत्र चालवणारा माणूस होता. त्याने चिठ्ठी वाचून विचारलं, सविता दिनेश गावित का? ती हो म्हणाली. त्याने वजन केलं. बाळंतिणींच्या खोलीतल्या बाईने हाताला, पायाला, छातीला वायरी लावल्या. पडद्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतं?

"मी म्हनलं, मला धाप लागते. मला झोप येत नाय. माझे पाय सुजत्यात. येकदाबी तिचं म्हनून बोलले नाय मी, बाई. येकदाबी नाय. दाने मुठीत घट धरले व्हते. डाक्टर म्हनाला, पायांवर तर सूज दिसत नाय. मी म्हनलं, सुजत्यात पन, संध्याकाळच्याला. मंग त्यांनी सांगितलं, काळीज झ्याक हाय. मला इतका आनंद झाला का मी तिथंच रडले."

छायाने कागद उघडला. वर नाव सविताचं. वजन एक्कावन्न किलो. त्याला जोडलेली लांब पट्टी होती, तिच्यावर काळजाचे ठोके उमटलेले, एकसारखे, निरोगी, डोंगर चढून आलेल्या धडधाकट बाईच्या काळजाचे.  छायाच्या डोळ्यांपुढे काळूबाबाचं अंगण आलं, त्या बायका आल्या, आणि आपणच उभं राहून बोललेलं ते वाक्य आलं.

कुसाबाई तोंडाकडे बघत होती. छायाच्या ओठांवर शब्द आला होता. तेवढ्यात धाकटी पोर आत आली, हातात त्या हिरव्या बांगड्या, आणि कुसाबाईच्या मांडीत शिरली. छाया एवढंच म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही." कागद मात्र तिने मागून घेतला. दाणे कुसाबाईने नदीत सोडले.

छाया तिथून सरळ काळूबाबाकडे गेली. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने बसायला बारदान दिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "दाने कुसानं नेले व्हते ना तिकडं?"

छायाने मान हलवली.

"मला वाटलंच. ती जिवंत असताना वाटायला पायजे व्हतं."  मग तो म्हणाला, "तू सांगशील तर ते खरंच हाय, बाई. मी सांगितलं तरी खरंच. पन त्या घरातून येक मडं गेलंय. हे कळलं तर दुसरं जाईल. ती कुसा जगायची नाय."

"आणि नाही सांगितलं तर लोक म्हणतील टीव्ही खोटं बोलला. पुन्हा कोणी त्या खोलीत पाय ठेवणार नाही."

"म्हनतील. तू ठरव. माझ्याकडं याला दाने नायत."

ठरवायला फार दिवस मिळाले नाहीत. महिन्याभराने तालुक्याहून साहेब चौकशीला आले. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. दिनेश उभा राहिला. त्याने साहेबांना विचारलं, की तुमच्या टीव्हीने बरी आहे म्हटलं म्हणून मी बायकोला कामाला नेली, आता मी कोणाला विचारू?  साहेबांनी कागद चाळले आणि छायाला सगळ्यांसमोर विचारलं, की पेशंट स्वतः तपासणीला गेली होती का, याची तुमची खात्री आहे का?

ओट्याच्या कडेला कुसाबाई बसली होती. तोंडावर पदर, मांडीत पोर.

छाया म्हणाली, "हो. गेली होती."

झालं. दाणे गेले म्हणजे सविता गेलीच, असं जमलेली माणसं धरून होती, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. चौकशी तिथेच संपली. छायाला मेमो मिळाला, रुग्णाकडे नंतर लक्ष दिलं नाही म्हणून. तो तिने सही करून घेतला, कारण तो खराच होता. नाशिकच्या डॉक्टरांवर ठपका आला, आणि त्यांनी मंगळवारी पडद्यावर येणं बंद केलं. त्यांचा यात काडीइतकाही दोष नव्हता. सुरगाण्याला जाऊन छायाने समाधानला बजावून सांगितलं, की यापुढे खुर्चीवर बसणाऱ्याला आधी विचारायचं, तू स्वतःच आजारी आहेस का, आणि चिठ्ठीवर अंगावरची खूण लिहिलेली असेल ती पडताळून बघायची. पण विचारायला माणसं राहिलीच नाहीत. पाड्यापाड्यांवर गेलं, की टीव्हीतला भगत खोटा आहे. भागीबाई म्हणाली, "मी पयल्याच दिवशी पाय बघायला सांगत व्हते." या वेळी कोणी हसलं नाही.

त्यानंतर छाया आजारी माणसांना स्वतः घेऊन जाऊ लागली. सुरगाण्याला, जमलं तर थेट नाशकाला. एका बाईच्या हातून होईल तेवढंच होत होतं. पुढच्या दोन वर्षांत ज्यांना त्या खुर्चीने कदाचित वाचवलं असतं अशी तीन माणसं गेली. बारकू नावाचा एक बाप्या, आणि दोन बाया. त्यांची नावं तिला पाठ होती. रोज दिवा लावताना ती सविताच्या नावाला ही तीन नावं जोडायची.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात कुसाबाईच्या पित्ताशयात खडे निघाले आणि छाया तिला ऑपरेशनला नाशकात घेऊन आली. आधी सगळ्या तपासण्या. दुपारी एका खोलीत कुसाबाईला पलंगावर निजवलं, हाताला, पायाला, छातीला वायरी लावल्या. यंत्र कुरकुरलं आणि त्यातून पट्टी बाहेर सरकायला लागली. कुसाबाई मान वळवून त्या पट्टीकडे बघत होती. तिच्या हातात काही नव्हतं, मूठ उघडी पलंगावर पडली होती. तिने त्या उघड्या मुठीकडे बघितलं, परत पट्टीकडे बघितलं.

खोलीतली मुलगी पट्टी घेऊन बाहेर गेली. कुसाबाईने पोलक्याचे हूक लावले. लावता लावता थांबली.

"शिस्टरबाई, आज माझ्याकडं कुनाचेच दाने नायत. तरी त्यानं लिवलं."

छाया पलंगाशेजारची पिशवी आवरायला लागली.

"मंग त्या येळेला बी माझंच काळीज लिवलं का वो त्यानं?"

अडीच वर्षं छायाला या प्रश्नाची भीती होती. तिने बारा अधिक तीन वर्षं या डोंगरात घालवली होती, दाण्यांनी रोग कळत नाही हे घरोघर सांगत. ती कुसाबाईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाही. त्या दिवशी तुमच्या मुठीत तिचे दाणे होते ना? तुम्ही तर सगळं तिच्या नावाने बोललात. त्याने तिचंच लिहिलं होतं. त्या वेळी चांगलंच होतं तिचं काळीज. दुखणं नंतर वाढलं."

कुसाबाईने ऐकून घेतलं. शेवटचा हूक लावला. "मंग बरं," म्हणाली.

त्या पलंगावरून ती उठली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरून चालायला लागली. ऑपरेशन दोन दिवसांनी होतं, मुक्काम छायाच्या घरी मखमलाबादला. छाया मागून पिशवी घेऊन येत होती. रिक्षा ठरवली, पंचवटी ओलांडली, फुलबाजार आला, छायाने बोलायचा प्रयत्न केला, हे बघा आमच्या झेंडूच्या पाट्या इथे यायच्या. कुसाबाई बोलली नाही. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. घर येईपर्यंत ती ताठ बसून होती, मूठ घट्ट आवळलेली, आणि एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

काळूबाबा पुढच्या वर्षी गेला. शेवटच्या दुखण्यात त्याचे दाणे बघायला मोहपाड्यात दुसरा भगत नव्हता. छायाने त्याला नाशकाला नेलं, आणि डॉक्टरांना तो म्हणाला, मी तुमच्याच धंद्यातला. दिनेशने दुसरं लग्न केलं, तो दिंडोरीकडेच स्थायिक झाला. समाधानने नोकरी सोडून सटाण्याला तबकड्या बसवायचा धंदा सुरू केला. टीव्हीच्या खोलीला कुलूप लागलं, मग त्यात मोडक्या खाटा आल्या.

नाशिकच्या त्या डॉक्टरांकडे छाया एकदा गेली होती आणि तिने खरं काय ते सांगून टाकलं होतं.  त्यांनी विचारलं, त्या बाईची मुलं किती मोठी आहेत. धाकटी सहा वर्षांची, छाया म्हणाली. ठीक आहे, म्हणाले. त्यांनी ते कुठे बोलून दाखवलं नाही.

छाया निवृत्त होऊन मखमलाबादला राहते. सविताच्या नावाची ती पट्टी तिच्या पेटीत अजून आहे. त्या कागदावरची शाई टिकत नाही. ठोके आधी फिके झाले, मग दिसेनासे झाले. आता नुसता पिवळा कागद आहे.

कुसाबाई मोहपाड्यातच आहे. तिची धाकटी पोर आता लग्न होऊन कळवणला दिली आहे. बाई अशी, की पाड्यात कोणी आजारी पडलं की कोणी सांगो न सांगो, ती जाऊन उभी राहते. चालवत नसेल तर पाठुंगळी घेते, डालीत बसवून दोघांना उचलायला लावते, पण त्या माणसालाच सडकेपर्यंत आणि तिथून दवाखान्यात घेऊन जाते. शिवेबाहेर नेऊ नये म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांशी भांडत नाही, नुसती चालत राहते. एकदा शेजारणीने दुसऱ्या पाड्यावरच्या भगताकडे न्यायला दाणे तिच्यापुढे धरले. एवढी रीत जाणणारी पाड्यात दुसरी कोणी नव्हती. कुसाबाईने हात मागे घेतला.

"मला नको देऊ गं," ती म्हणाली. "मी नेले का दाने मुके होत्यात."

हे शब्द छायाच्या कानावर आले तेव्हा तिने कुसाबाईला त्यांचा अर्थ विचारला नाही, आणि कुसाबाईनेही छायाला पुन्हा कधी काही विचारलं नाही.